लक्ष देऊन वाचणारी तीनशे माणसं

अपूर्व वाघाडे याने आयुष्यात एकही कागद शेवटपर्यंत वाचलेला नाही, आणि त्याचा धंदा लक्ष देऊन वाचणारी माणसं पुरवण्याचा आहे.

मानसशास्त्राच्या अभ्यासकांना फोनवर प्रश्नावल्या भरून देणारी माणसं हवी असतात. प्रत्येक प्रश्न वाचून, विचार करून उत्तर देणारी. अशी माणसं विदर्भभरातून निवडून देतो, असं अपूर्व सांगतो. हुडकेश्वरला पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत त्याचं ऑफिस आहे. मी तिथे कॉम्प्युटरचं काम बघतो. तोंडावर आम्ही त्याला भाऊ म्हणतो.

याआधी तो प्लॉट विकायचा. लेआउटच्या उद्घाटनाला गर्दी दिसावी म्हणून कुहीकडच्या गावांतून, शहरातल्या महाल भागातून टेम्पो भरून माणसं आणायची, खुर्च्यांवर बसवायची, हातात समोसा आणि नकाशा द्यायचा. त्या माणसांना प्लॉट घ्यायचे नव्हते, फक्त घेणाऱ्यांसारखं दिसायचं होतं. पुढे कळलं की निम्मी जमीन अपूर्वला ती विकणाऱ्याच्या नावावरच नव्हती. तसं करारात लिहिलेलंही होतं, तिसऱ्या पानावर. अपूर्वने सही पहिल्या पानावर केली होती. धंदा बुडाला, पण त्या माणसांचे फोन नंबर उरले. त्यातून हा नवा धंदा निघाला. माणसं तीच आणि कामही तेच.

माणसं खरंच वाचतात का हे तपासायला अभ्यासक प्रश्नावलीत एखादा सापळा लपवतात. ‘मी रोज चंद्रावर जातो’ असलं वाक्य मध्येच टाकतात. न वाचता बटणं दाबणारा तिथे ‘सहमत’ दाबून पकडला जातो. अपूर्व आधी मला सापळा शोधायला लावतो आणि मग या माणसांच्या ग्रुपवर आवाजी निरोप पाठवतो: “सतरा नंबरले ‘अजिबात नाही’ दाबा. बाकी काईबी दाबा, पण थांबत थांबत दाबा.” याला तो प्रशिक्षण म्हणतो. ‘लक्षपूर्वकता ९९ टक्के’ असा बोर्ड त्याने भिंतीवर लावला आहे. बोर्डात पेंटरने ‘लक्षपूर्वता’ लिहिलं आहे. दोन वर्षं झाली, त्याला दिसलेलं नाही.

यंदा मे महिन्यात पुण्याच्या एका संस्थेतल्या उन्नती मॅडमचं काम आलं. एकटेपणावरचा अभ्यास. आधी तीनशे माणसांची चाचणी, ती पार पडली की पाच हजार माणसं आणि दोन वर्षांचा करार. अपूर्वने त्या भरवशावर महालात रस्त्यावरचा गाळा बघून ठेवला आणि हे ऑफिस सोडत असल्याचं घरमालकाला कळवूनही टाकलं.

या वेळचा सापळा होता: ‘वर्षात तेरा महिने असतात.’ नेहमीप्रमाणे निरोप गेला. दोनशे नव्व्याण्णव जणांनी ‘अजिबात नाही’ दाबलं. एक बाई अडकली. कुहीजवळच्या जयवंताबाई ठवकर, अंगणवाडीतून मदतनीस म्हणून निवृत्त झालेल्या. बाकीच्यांनी दहा मिनिटांत उरकलेल्या प्रश्नावलीला त्यांनी पन्नास मिनिटं घेतली होती आणि सापळ्यावर ‘थोडं सहमत’ दाबलं होतं.

अपूर्वने स्पीकरवर फोन लावला. “काकू, ग्रुपवरचं ऐकलं नाही का तुमी?”

“ऐकलं ना बापा. पण खोटं कायले दाबू?”

“खोटं काहून? वर्षात तेरा महिने असतेत का?”

“यंदा आहेत. धोंड्याचा महिना चालू नाही का? परवाच जावई जेवून गेला. दरसाल येत नाही, म्हणून थोडं सहमत दाबलं.”

“एवढा विचार कोण करते वं काकू?”

“त्या बाईनं वरतच लिवलं आहे, विचार करून उत्तर द्या म्हणून. तूनं वाचलं नाही काय?”

त्याने फोन ठेवला. “काढून टाक इले लिस्टमधून. डोकं खाते.”

पण यादी पुण्याला गेली होती. दुसऱ्या दिवशी उन्नती मॅडमचाच फोन आला. त्या हसत होत्या. अधिक महिना त्यांच्या लक्षातच आला नव्हता. “जयवंताबाईंचं उत्तर बरोबर धरा. चूक आमच्या प्रश्नाची आहे. आम्ही तो बदलून याच तीनशे जणांना परत पाठवतो. या वेळी खाली कारणही लिहायला सांगा.”

अपूर्वने यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. नवी प्रश्नावली आली, ती त्याने उघडलीही नाही. सरळ ग्रुपवर बोलला: “महिन्याचा प्रश्न आला का सहमत दाबा, अन् खाली लिवा, अधिक महिना.”

मी म्हटलं, “भाऊ, प्रश्न बदलला आहे. एकदा वाचून घ्या.”

“तू इंजिनेर आहे ना गा? तू मशीन पाय. माणसं मी पायतो.”

नवा प्रश्न होता: ‘वर्षात चौदा महिने असतात.’

दोनशे नव्व्याण्णव माणसं सहमत झाली. कारण, अधिक महिना. अकरा जणांनी कारणाच्या रकान्यात ‘अन् खाली लिवा अधिक महिना’ असं जसंच्या तसं लिहिलं. जयवंताबाईंनी ‘अजिबात नाही’ दाबलं आणि लिहिलं, ‘धोंड्याचा महिना एका वर्षात एकच येते. दोन आले तर जावयानं खावं किती?’

चार दिवसांनी पुण्याहून पत्र आलं. अपूर्वने फोनवर पहिली ओळ वाचली, ‘आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार’, आणि संत्राबर्फीचा डबा मागवला. गाळेवाल्याला पक्कं म्हणून कळवलं. दुसरी वडी त्याच्या तोंडात असताना मी पत्र छापून घेतलं आणि उरलेलं त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. करार होणार नव्हता. यादीतल्या एकाच व्यक्तीशी संस्थेला थेट संपर्क ठेवायचा होता. ती परवानगी देत असेल तर तिचा नंबर कळवावा.

त्याने वडी गिळली. मग म्हणाला, “सहमत नाही दाबलं तं चुकलं, सहमत दाबलं तं चुकलं. मंग असतेत किती गा महिने?”

“बारा. नाहीतर तेरा. प्रश्नात चौदा होते.”

“चौदा कवा झाले?”

पत्र माझ्या हातातच होतं, छापलेली प्रश्नावली समोर उघडी होती. मी दोन्ही त्याच्याकडे सरकवली. त्याने त्यावर बर्फीचा डबा ठेवला, फोन उचलला आणि ग्रुपवर निरोप बोलू लागला: “सगळ्याइले सूचना. चौदा महिने आले का ‘नाही’ दाबा.”