कोनाड्यातली कपबशी

माझ्या मुलाला माझ्या आईच्या हातांनी जगात आणलं, आणि त्याच्या बारशाच्या दिवशी मी तिला मागच्या अंगणात बसवून वेगळ्या कपात चहा दिला. ही चूक आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या प्रवासात मी कोणावर संतापलो तर वाचणाऱ्यानं घाईनं माझी बाजू घेऊ नये. मला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. आई नर्स. साऱ्या जातींच्या बाळंतिणींचं सुवेर (बाळंतपणाचा विटाळ) तिच्या अंगावर. सोवळ्यातले सासरे बारशाला येणार, काहीतरी बोलतील, एवढ्या भीतीवर मी निळ्या फुलांची कपबशी विकत आणली आणि न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवली. पुढं चौदा वर्षं आई नागपूरला आली की तो कप स्वतःच काढून घ्यायची आणि धुऊन परत ठेवायची.

ती वैशाखात गेली. उन्हाळ्यापुरतं साहेबांबरोबर आमचं सरकारी ऑफिस पचमढीला गेलं होतं. तार नागपूरच्या घरी पडली, मग माझ्यामागे फिरली. मी डोंगर उतरेपर्यंत गावानं तिला अग्नी देऊन टाकला होता. दिवस मी नागपुरातच केले. महिन्यानं तिची पेटी आणायला सकाळच्या पॅसेंजरनं वऱ्हाडात निघालो.

उन्हाळा संपत आला होता. बडनेऱ्यापासून दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं, मधूनच एखादं बाभळीचं झाड, आणि डब्याच्या खिडकीतून आत येणारा फुफाटा (बारीक तापलेली धूळ). शेगावला निम्मा डबा दर्शनाला उतरला. तिथून चढलेली एक म्हातारी समोर बसली आणि तिनं लगेच फडकं सोडलं. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि लाल ठेचा. अर्धी भाकरी तिनं माझ्यापुढं केली.

"घ्या ना भाऊ. उष्टं नाई."

मी घेतली. "कुठी चालले?" तिनं विचारलं.

"आईकडे." तोंडातून निघून गेलं.

"मंग रिकाम्या हातानं काऊन चालले बा? मायकडे कोणी रिकामं जाते काय?"

ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं असं दाखवून मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

नांदुऱ्याला उतरून रात्र धर्मशाळेत काढली आणि सकाळी एक दमणी (दोन बैलांची छपराची हलकी गाडी) ठरवली. आईच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली आहेत. त्यांना उघडं पाडण्याइतका मी स्वच्छ नाही. वडनेर भोलजीच्या पुढं, कच्च्या रस्त्यावरचं गाव, एवढं पुरे.

गाडीवानाचं नाव किसन. वडनेर मागं पडलं आणि चाकाची खीळ निसटून कुठंतरी फुफाट्यात पडली. बाभळीची फांदी तासून तो नवी खीळ करू लागला, तेव्हा मी कोण ते त्याला सांगितलं.

"नर्सबाईचे लेक?" कोयता हातातच राहिला. "ह्याच गाडीत नेवो मी बाईले. गाडी फसली की बाई पदर खोचून चिखलात उतरे न् चाक ढकले. मले म्हणे, किसन्या, तुह्या बैलाले सांग, लेकरू काही त्याची वाट पाहून नाई राह्यलं."

मला हसू आलं आणि पाठोपाठ स्वतःचाच राग. हे मला माहीत नव्हतं. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. नातेवाइकांनी दार लावल्यावर ती सुईणपणा शिकली, दवाखान्यात लागली आणि मला शिकवलं. तिच्या कामाबद्दल मी तिला कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

गावात मान मोठा झाला. मास्तरांनी ओसरीवर बसवून तिची स्तुती केली आणि उठताना जिन्याखालचा कोनाडा दाखवला. "ही बाईंची कपबशी. अजून हलवली नाही." दुकानदाराच्या घरी तेच. त्याच्याकडची बशी कल्हई गेलेली पितळेची. माझी कानशिलं तापली होती.

पाटलांनी तर मला हाताला धरून गोठ्यात नेलं. म्हशीच्या वर, भिंतीतल्या कोनाड्यात, एक कान तुटलेला कप होता. त्यात मोगऱ्याचं फूल.

"माह्या दोन्ही सुना बाईनं मरणातून ओढून काढल्या, साहेब. देवीच होत्या. म्हणून रोज फूल ठेवतो."

"देवीला गोठ्यात चहा?" मी म्हणालो.

"रीत हाय ते. बाळंतिणीचं सुवेर. बाई काही वाईट वाटून नाई घेत होत्या."

मी तो कप उचलला आणि दगडी डोणीवर आपटला. म्हैस बिथरली. घरातल्या बायका दारात धावल्या. मी ओरडत होतो. तुमच्या सुनांच्या अंगात हात घातला तेव्हा सुवेर नव्हतं, आणि चहा प्यायला ओठ लावले की झालं? ज्या हातांवर तुमचा वंश उभा आहे ते हात म्हशीखाली बसवता?

पाटील चिडले नाहीत. पायाशी पडलेलं फूल तेवढं त्यांनी उचललं. "बाईनं कधी तक्रार नाई केली," ते पुन्हा म्हणाले.

हेच वाक्य, याच शब्दांत, मी चौदा वर्षं स्वतःला ऐकवत आलो होतो.

आईची पेटी गिरजाबाईकडे होती. गिरजाबाई म्हणजे गावची दाई, वीस वर्षं आईच्या जोडीनं काम केलेली. घर गावकुसाबाहेर. मी पोचलो तेव्हा ती शेणानं अंगण सारवत होती. गोठ्यातली बातमी माझ्या आधी तिथं पोचली होती.

"पाटलाचा कप फोडून आले म्हणतात, बापू."

"हो."

"बरं केलं." तिनं हात धुतले. "न् नागपूरचा?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"निळ्या फुलाचा हाय म्हणे तो. बाई सांगे मले. हासत सांगे. म्हणे, गिरजे, माह्या लेकाच्या घरी बी कोनाडा हाय, पण कप लय झ्याक हाय. गावातल्यासारखा कानतुटका नाई."

"हसून सांगायची?"

"हाव. एक डाव फक्त नाई हासली. तुमच्या पोराच्या बारशाहून आली त्या दिशी. माह्यासंग ह्याच थाळीत जेवाले बसली, न् घास हातातच घेऊन राह्यली."

मी तिच्या पायांशी वाकायला गेलो. ती दोन पावलं मागं सरकली.

"मले काऊन? मले काय केलं तुमी? ज्याइच्यासमोर तिले भाईर बसवलं, त्याइच्यासमोर बोला. इथं कोण ऐकते?"

मग तिनं पेटी पुढं ओढली. दोन पांढरी लुगडी, कार्बोलिक साबणाची वडी, इनॅमलचा ट्रे, नाळ कापायची कात्री. सगळं घासूनपुसून ठेवलेलं.

"कात्री ठेवून जा," गिरजाबाई म्हणाली. "नवी नर्स कधी येईल कोणाले ठाऊक. अन् इथल्या बाया काही नागपुरात बाळंत होत नाईत."

मी कात्री आणि ट्रे तिच्या हातात दिले. तिनं त्याच थाळीत मला भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवलो. निघताना किसननं पेटी उचलली आणि म्हणाला, "लय हलकी हाय बे ही!" मग जीभ चावली.

परतीचा रस्ता मला नीट आठवत नाही. नांदुरा, शेगाव, अकोला स्टेशनांवर चहावाले ओरडत होते आणि मला प्रत्येक कपाचा राग येत होता. पाटलांना मी रागावलो, पण त्यांच्या कोनाड्यात निदान फूल होतं. रीत त्यांना वाडवडिलांनी दिली होती. मी ती बाजारातून विकत आणली होती.

घरी पोचलो तो रविवार होता, सासरे जेवायला आलेले. मी पेटी माजघरात ठेवली, मागच्या अंगणात गेलो आणि कोनाड्यातला कप घेऊन आलो. तो मी फोडला नाही. बायकोला म्हणालो, "यात चहा दे."

"अहो, तो तर..." ती थांबली.

"मला दे. याच्यापुढं मी यातच पिणार."

तिनं ओतला. सासरे पाहत होते. मुलगा पाहत होता. आईच्या पेटीसमोर मी मांडी घालून बसलो आणि एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा चौदा वर्षं गेली असती.

"आई, कोणी मागितलेलं नसताना मी तुला दाराबाहेर बसवलं. सासऱ्यांनी नाही, तुझ्या सुनेनं नाही. मी. तू तक्रार केली नाहीस, त्याचा मी फायदा घेतला. माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं."