रविवारचं तेल

टॉर्किल मॅकॉलेला गावात कुणी टॉर्किल म्हणत नसे. 'मीटर' म्हणत. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर एकेका नावाची माणसं इतकी, की टोपणनावाशिवाय माणूस सापडायचा नाही. पण या टोपणनावात ओळखीबरोबर थोडा रागही होता. उभी हयात त्यानं घरोघरचे विजेचे मीटर वाचले होते आणि भल्याभल्यांना पकडलं होतं. मीटरच्या पाठीला लोहचुंबक चिकटवणारे मास्तर, फटीतून सुई सरकवून चकती अडवणारी म्हातारी, सगळे त्याच्या तावडीत सापडले होते. कुणी दारातच चहा आणि केक पुढे केला, की त्याच्या मनात पाल चुकचुकायची. "केक कशाला?" असं तो तोंडावर विचारायचा. अशा माणसाला कोण जीव लावणार? एफीनं लावला, आणि ती त्याची बायको झाली. बाकी गावानं त्याला सांभाळून घेतलं, इतकंच.

नोकरी संपली तसे मीटर सुटले, पण संशय काही सुटला नाही. आणि ज्या मोटरसायकलवरून तो बेटभर हिंडला तीही सुटली नाही. त्या खाऱ्या वाऱ्यात चेन आठवडाभर कोरडी राहिली तर गंज चढतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी बटाटे सोलून व्हायचे, चुलीसाठी पीटची, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीची, ढेकळं घरात यायची, बुटांना पॉलिश व्हायचं आणि टॉर्किल शेडमध्ये जाऊन चेनला तेल द्यायचा. रविवार प्रभूचा, त्या दिवशी त्यातलं काही चालत नाही. रविवारी दोरीवर टॉवेल राहिला तरी सोमवारी गावभर त्याची चर्चा होते. मोटरसायकल काढणं तर सोडूनच द्या.

त्याची मुलगी डॉलीना ग्लासगोला शिकायला गेली आणि डेरेक नावाचा मेकॅनिक नवरा करून आली. लेक झाल्यावर दोघं बेटावर राहायला आले. डेरेकला स्टॉर्नोवे शहरातल्या गॅरेजात काम मिळालं आणि टॉर्किलच्या घरात माडीवरची खोली. जावई हसतमुख, कामसू, सासूला हातभार लावणारा. टॉर्किलला यातलं एकही लक्षण आवडलं नाही. त्यात तो चर्चला जायचा नाही. सगळं गाव प्रार्थनेला गेलं की हा घरी बाळ सांभाळायचा. घर रिकामं, गाव रिकामं आणि ग्लासगोचा माणूस एकटा!

एके दिवशी डेरेकनं गॅरेजातून एक वस्तू आणली. तळहाताएवढी तेलाची बाटली आणि तिला जोडलेली बारीक नळी. नळीचं टोक मागच्या चाकाच्या दात्यांपाशी बसवायचं. इंजिन चालू झालं की त्याच्या ओढीनं झडप उघडते आणि चेनवर थेंब थेंब तेल पडतं. इंजिन बंद, की झडपही बंद.

"केवढ्याला पडलं?" टॉर्किलनं विचारलं.

"काही नाही हो, गॅरेजात पडून होतं."

"पडून होतं म्हणजे बिघडलेलं असणार."

"अहो, चांगलं आहे. तुम्हाला दर शनिवारी वाकायला नको."

"मी वाकतो त्याचं तुला काय दुखतं?"

डेरेक हसला आणि यंत्र बसवू लागला. टॉर्किल कुरकुरला, पण अडवलं नाही. त्याचं कारण त्याच्या खिशात होतं. खिशातले हात म्हणतो मी. दोन्ही हातांची बोटं हळूहळू तळव्याकडे वळत चालली होती. हँडल धरायला ती छान वळलेली होती, बाकी कशालाच नाही. तेलाची बाटली दाबणं, फडकं पिळणं, कडी न् कडी पुसणं त्याला कधीचंच जमेनासं झालं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. दर शनिवारी तो शेडमध्ये जायचा, दार लावून थोडा वेळ नुसता उभा राहायचा आणि फडक्याला हात पुसत बाहेर यायचा. आपली बोटं गेली हे कळलं तर गाडीची किल्ली काढून घेतील, ही त्याची भीती होती. आणि गंमत बघा, तरीही चेन कधी कोरडी पडली नाही. जन्मभर दिलेलं तेल आत मुरलंय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. साऱ्या बेटाच्या मीटरवर शंका घेणाऱ्या माणसानं आपल्या ओल्या चेनवर एकदाही शंका घेतली नाही. फायद्याची गोष्ट असली की माणूस चौकशा करत नाही.

जावयाच्या यंत्राची चौकशी मात्र सुरू झाली. हे गळणारच, म्हणून त्यानं मागच्या चाकाखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरला. मंगळवार गेला, बुधवार गेला, गाडी दोन-दोन दिवस उभी राहिली, तरी पुठ्ठा कोरडा. टॉर्किल जरा नाराजच झाला. मग सोमवारची सकाळ उजाडली. पुठ्ठ्यावर, बरोबर चेनखाली, तेलाचे डाग पडले होते.

शनिवारी रात्री पुठ्ठा कोरडा होता. त्यानं तो स्वतः पाहिला होता. इंजिन चालल्याशिवाय झडप उघडत नाही, हे जावयानंच सांगितलं होतं. म्हणजे रविवारी कुणीतरी इंजिन चालवलं!

पुढच्या सोमवारी पुन्हा डाग. त्याच्या पुढच्याही. इतर वारी एक थेंब नाही. यंत्राला काही रविवार कळत नाही, माणसाला कळतो. टॉर्किलनं गाडीवरचा मैलांचा काटा पाहिला. शनिवारी होता तिथेच होता. दुसरा कुणी असता तर इथं गप्प बसला असता, पण हा मीटरवाला. जागचा न हललेला काटा हाच सगळ्यात मोठा पुरावा, हे तो आयुष्यभर शिकला होता. म्हणजे पठ्ठ्या काट्याची तार काढून ठेवतो! पेट्रोलही तेवढंच होतं. म्हणजे भरून ठेवतो! चोर साधा नव्हे, कसलेला आहे. गाव देवापुढे मान झुकवून बसलंय आणि हा माझ्या गाडीवर माळरानात भटकतोय, माझ्या घरात राहून, माझ्या नातीला घरात एकटी टाकून. शेवटच्या विचारानं त्याचं रक्त तापलं.

सोमवारी डेरेक कामाला निघाला तेव्हा टॉर्किलनं त्याला शेडमध्ये बोलावलं आणि पुठ्ठा दाखवला.

"हे काय आहे?"

डेरेकनं डाग पाहिले. मग यंत्र पाहिलं, फळीवरची तेलाची बाटली पाहिली, आणि उघड्या दारातून एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीकडे नजर टाकली. एफी तिथं बश्या विसळत होती. टॉर्किलनं ती नजर टिपली. सासूची ढाल शोधतोय, तो मनात म्हणाला.

"तेल आहे," डेरेक म्हणाला.

"रविवारचं तेल आहे! मला शिकवू नकोस. तुझ्यासारख्या चोरांना मी कितीदा पकडलंय. माझ्या छपराखाली राहून प्रभूचा दिवस बाटवतोस?"

"मी तुमच्या गाडीला हात लावलेला नाही."

"मग कुणी लावला? तुझ्या सासूनं?"

यावर डेरेकनं नजर फळीवरच्या बाटलीकडे वळवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्हाला जे वाटायचं ते वाटू दे," एवढंच तो म्हणाला.

"मला वाटतं, तू या घरात नको."

त्याच संध्याकाळी डेरेकनं बायकोला आणि सासूला सांगितलं, की ग्लासगोत चांगलं काम मिळालंय, लगेच यायला सांगतायत. डॉलीना रडली, पण तिला ते खरं वाटलं. शनिवारच्या बोटीवर सोडायला दोघं म्हातारे गेले. एफीनं नातीला इतका वेळ धरून ठेवलं, की धक्क्यावरच्या माणसाला हाक मारावी लागली. टॉर्किल हात खिशात घालून उभा होता. त्यालाही रडू येत होतं, पण न्याय केला की असं होतंच, असं त्यानं स्वतःला बजावलं. घरी आल्यावर त्यानं नवा पुठ्ठा अंथरला. आता तो कोरडा राहणार होता.

सोमवारी पुठ्ठ्यावर तेलाचे डाग होते.

टॉर्किल किती वेळ तिथं उभा राहिला कोण जाणे. आधी त्याला वाटलं, जावयानं जाताना यंत्रात काही खोडी करून ठेवलीय. मग शेजारच्या रुअरीचा संशय आला. तो मासेमार, त्याची नजर पहिल्यापासून वाईट. मग बिघडलेल्या झडपेचा. पण मंगळवारी पुठ्ठा कोरडा, बुधवारी कोरडा, शुक्रवारी कोरडा. आणि या सगळ्यांच्या मागे आणखी एक विचार डोकं वर काढत होता. डेरेकनं केलं नसेल तर? त्या विचाराकडे बघायची त्याची छाती होईना. आठवडाभर त्याला जेवण गेलं नाही. एफीनं तळलेली हेरिंग मासळी तशीच्या तशी परत नेली आणि विचारलं, "पोटात दुखतंय का?"

"तुला कशाला पंचाईत?" तो खेकसला.

रविवारी सकाळची प्रार्थना झाली, शनिवारचं सूप गरम करून खाल्लं, आणि दर रविवारसारखा टॉर्किल खुर्चीत डोळे मिटून बसला. संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत तो नेहमी असा घोरायचा. आज तो घोरत होता, पण डोळ्यांत तेल घालून. रुअरी येईल तो मागच्या वाटेनं, असा त्याचा हिशेब. पाळत ठेवणं म्हणजे काम नव्हे, त्यामुळे रविवारी चालतं, हेही त्यानं ठरवून टाकलं होतं. थोड्या वेळानं मागचं दार वाजलं. बाहेरून आत नव्हे, आतून बाहेर. तो मोज्यांवरच उठला आणि अंगण ओलांडून शेडच्या दाराशी गेला.

आत एफी होती. चर्चचा काळा पोशाख, डोक्यावर हॅट, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. घडी घातलेल्या पोत्यावर गुडघे टेकून ती बसली होती. एका हातानं मागचं चाक हळूहळू फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं बाटलीतला एकेक थेंब एकेका कडीवर सोडत होती. वरून फडकं फिरवत होती. तोंडानं एक स्तोत्र पुटपुटत होती.

"एफी!"

ती दचकली नाही. "दार लाव," ती म्हणाली, "रुअरीची बायको खिडकीत असते."

"आज रविवार आहे, बाई!"

"दुसऱ्या कुठल्या दिवशी तू या शेडपासून लांब असतोस? गरजेच्या आणि दयेच्या कामाला रविवारी मनाई नाही. डॉलीना लहान असताना तिच्याकडून हे तूच पाठ करून घेतलं होतंस."

"कधीपासून चाललंय हे?"

"तुझ्या हातून चहाचा कप पडला आणि तू मांजरावर ढकललंस तेव्हापासून."

टॉर्किलला खिशातले हात कुठं ठेवावेत ते कळेना. "म्हणजे तुला माहीत होतं."

"एका पलंगावर झोपते मी. मला नसेल तर कुणाला माहीत असणार? तुझी गाडी गेली तर तू दोन दिवसांत म्हातारा होशील. म्हणून बोलले नाही."

"पण ते यंत्र होतं ना? डेरेकनं बसवलेलं?"

"ते कशाला बसवलं असं वाटतं तुला?" एफीनं बाटलीचं झाकण लावलं. "एका रविवारी बाळाला घेऊन तो इकडे आला आणि मला असं गुडघ्यांवर बघितलं. म्हणाला, आई, तुमचे गुडघे बघा, मी करतो काहीतरी. आणि ते घेऊन आला. मी त्याच्याकडून वचन घेतलं, की यातलं अवाक्षर माझ्या नवऱ्याला कळता कामा नये."

"मग यंत्र बसवल्यावरही तू कशाला...?"

"आपोआप होणाऱ्या गोष्टीवर माझा नाही विश्वास. जन्म तुझ्याबरोबर गेला, टॉर्किल. वाण नाही पण गुण लागतो." ती हसली. मग तिनं त्याचं तोंड पाहिलं आणि हसू थांबलं. "काय झालं?"

आता सांगावंच लागलं. पुठ्ठा, डाग, जागचा न हललेला काटा, शेडमधलं बोलणं, सगळं. शेवटचं वाक्य त्यानं पुठ्ठ्याकडे बघत सांगितलं. एफी पोत्यावरून उठली. शेडच्या खांबाला धरून उठावं लागलं तिला.

"'तू या घरात नको' म्हणालास? त्याला?"

"हो."

"आणि तो काही बोलला नाही."

"नाही."

"वचन दिलं होतं ना त्यानं," एफी म्हणाली. "आणि मी धक्क्यावर उभं राहून त्याला म्हटलं, पैशांसाठी पोर घेऊन चाललास, तुला काही वाटत नाही का? तेही ऐकून घेतलं त्यानं." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तेलकट हातांनी तोंड झाकून नुसती उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा टॉर्किलला स्वतःची शिसारी आली.

तो वळला आणि घरात गेला. फोन जिन्याखाली होता. त्यानं रिसीव्हर उचलला, पण वळलेल्या बोटांनी आकडे दाबता येईनात. एकदा दोन आकडे दाबले गेले, एकदा कुठलाच नाही. एफी मागोमाग आली होती.

"या घरात आजवर रविवारी कुणी फोनला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी कर."

"तू लाव नंबर."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, हात पोशाखालाच पुसले आणि नंबर लावला. पलीकडे घंटी थोडीशीच वाजली.

"आई?" डेरेकचा आवाज घाबरलेला होता. त्यानं नंबर ओळखला होता आणि वारही. "कोण गेलं? लवकर सांगा, डॉलीना इथंच आहे."

"कुणी गेलं नाही," टॉर्किल म्हणाला. "मी बोलतोय."

पलीकडून सावध आवाज आला, "तुम्ही? आज? काय भानगड आहे? आई कुठं आहेत?"

"इथंच आहे, माझ्याजवळ. तिला मी शेडमध्ये बघितलं. सगळं कळलं मला. मी तुझी माफी मागायला फोन केलाय."

पलीकडे लांबून नातीचं बडबडणं ऐकू येत होतं.

"आणि हे उद्यापर्यंत थांबण्यासारखं नव्हतं?" डेरेकनं विचारलं. त्याच्या आवाजात अजूनही संशय होता.

"नव्हतं," टॉर्किल म्हणाला.