लिंबाच्या पाण्यातला कार्ब्युरेटर

लिंबू उकळल्याचा वास आला की अजून आमचं जुईनगरचं जुनं स्वयंपाकघर आठवतं. माझे वडील, अण्णा, गेल्यापासून त्यांची मोटरसायकल खाली उभी होती. त्या दिवशी चालू झाली नाही, तर संध्याकाळी भंगारवाला नेणार होता. कार्ब्युरेटरमधला पिस्टन गच्च अडकलेला.

“ठोकू नको, फुटंल. लिंबाच्या पाण्यात उकळ, अण्णा तसंच करायचे,” म्हणत आईने डाळीचं पातेलं पुढे केलं.

“यात परत डाळ शिजवणार?”

“घासीन की. तू घासतोस व्हय रोज?”

उकळल्यावर पिस्टन अलगद निघाला आणि खोलीभर शिळ्या पेट्रोलचा वास पसरला. मी घरातला पहिला ग्रॅज्युएट. वास कशाचा, का येतो, कळत सगळं होतं, वाटत काहीच नव्हतं. खिडकी उघडायला गेलो.

“राहू दे,” आई म्हणाली. “ते घरात आले की असाच वास यायचा.”

मी भंगारवाल्याला परत पाठवलं. गाडी अजून चालू करून बघितलीच नव्हती.