खूण डावीकडे, थांबली उजवी
आमच्या घरात नवस, अंगारा, दृष्ट काढणं असलं काही कधीच नव्हतं. बाबांनी शिकवलंच नाही. त्यात मी प्रोग्रामर... कारण सापडत नाही म्हणजे आपण नीट शोधलं नाही, एवढंच मला माहीत. त्यामुळे इथे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे. कारखान्यांतल्या मशीन ज्या प्रोग्रामवर चालतात, ते तपासायचा डीबगर आम्ही बनवतो. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून आत काय चाललंय ते तो दाखवतो; प्रोग्राम थांबला की मशीनही थांबते. कुठे थांबायचं त्या ओळीवर आपण खूण करायची — ब्रेकपॉइंट.

हा कोड मूळ जाधव सरांचा. ते आता रिटायर झालेत. त्यात सगळी माहिती ग्लोबल, म्हणजे सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखी... कुणीही यावं, लिहावं, खोडावं. दोन मशीन एकदम तपासायला घेतल्या की एकीची खूण दुसरीला लागायची. चार महिने बसून मी ते सगळे ग्लोबल काढले. ज्या मशीनची माहिती तिच्यापाशीच.

शेवटची चाचणी मंगळवारी, सकाळी साडेअकराला. स्क्रीनवर डावीकडे आमच्या टेबलावरची नकली मशीन, उजवीकडे नावड्याच्या एका कारखान्यातली, नेटवरून जोडलेली खरी प्रेस, पत्रा दाबणारी. तिचं काम चालू होतं, मी फक्त बघत होते. डावीकडे ब्रेकपॉइंट लावला, रन केलं. डावी थांबलीच नाही... उजवी थांबली.

चार महिने पाण्यात, असं वाटून स्वतःचाच राग आला. तेवढ्यात फोन वाजला. प्रेसवरचे ऑपरेटर गायकवाड. साताऱ्याकडचे, एरवी खणखणीत बोलणारे. आज आवाज अगदी बारीक.

“मॅडम, मशीन तुमी थांबवली का?”

मी सॉरी म्हणायला लागले. त्यांनी मला बोलू दिलं नाही. पत्रा अडकला म्हणून त्यांनी जाळी उघडून हात आत घातला होता. जाळी उघडली की प्रेस आपोआप बंद व्हायला हवी. सेन्सर बिघडलेला, झाली नाही. खाली निघालेली प्रेस हाताच्या चार बोटं वर थांबली होती.

“हात हाय माझा,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

नंतर मी सगळा कोड पिंजून काढला. ग्लोबल एकही नाही. चुकून जुनी आवृत्ती चालली का तेही पाहिलं — नाही. प्रेस रिकामी ठेवून तीच चाचणी कितीतरी वेळा केली. दर वेळी डावीच थांबली. शेवटी लॅपटॉप घेऊन खारघरला जाधव सरांकडे गेले. दुपारभर ते ओळ न् ओळ वाचत बसले, चहा तसाच राहिला.

“इकडून तिकडे जायला तू वाटच ठेवलेली नाहीस,” सर म्हणाले.

गायकवाडांच्या घरून लोणच्याची बरणी आली. मशीन मी थांबवली नाही, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. ते नुसतं बरं म्हणाले. पटलेलं नाही त्यांना.

आमच्याकडे कारण लिहिल्याशिवाय कुठलीही तक्रार बंद करता येत नाही. डावीऐवजी उजवी थांबल्याची ही माझ्या नावावर अजून उघडी आहे.