गुड लेंग्थवरची रांगोळी

राष्ट्रीय शिबिरासाठी आमच्या दुर्वाची चाचणी आमच्याच घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात झाली, असे मी सांगतो तेव्हा समोरचा माणूस आधी चहा मागवतो आणि मग विषय बदलतो.

दुर्वा ही माझ्या मोठ्या भावाची, दादाची मुलगी. लेगस्पिन टाकते. मी तिचा काका आणि पहिला प्रशिक्षक. बॅट मी आयुष्यात फक्त कुत्री हाकलायला उचलली आहे. पण आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन बी.कॉम. झालेला पहिला माणूस मीच. त्यामुळे म्हशीला ताप येवो की टीव्ही बिघडो, घरात एकच वाक्य, "तेका इचार, तो शिकलेलो आसा!" (मला याचा अभिमान आहे. उगाच लाजायचे कशाला?) पोरीने चेंडू वळवायला घेतला, तेव्हा तीही माझ्याकडेच आली. मी मोबाइलवर बघून सांगायचो, ती ते न ऐकता टाकायची, आणि असे करत करत ती एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचली.

तिथे झेल घेताना तिचे बोट दुखावले. नेमके फिरकीचे! तिला घरी पाठवले. पुढचे शिबिर तोंडावर आले आणि तिच्या जागेवर दुसरी मुलगी तयारच होती. तेवढ्यात शिबिराच्या प्रशिक्षक सबनीस मॅडमचा फोन आला. त्या गाडीने गोव्याला निघाल्या होत्या. वाटेत थांबून दुर्वाची गोलंदाजी बघणार होत्या. बोट बरे असेल तर दुर्वा, नाहीतर दुसरी.

आता मैदान कुठून आणायचे? गावच्या मैदानात अजून पावसाचे पाणी होते, त्यात म्हशींचा सराव चालला होता.

"खळ्यात घेवया!" मी म्हणालो.

घरापुढचे खळे नवी माती घालून नुकतेच केले होते. दादाने ते लाकडी चोपण्याने बडवून असे सपाट केले, की त्यावर पोळपाट न घेता पोळी लाटावी. मी शास्त्रशुद्ध सूचना दिली, "वयनी, सारवू नको हां. माती सुकी होयी. बॉल वळाक होयो."

"बरा," वहिनी म्हणाली.

आमच्या वहिनीच्या 'बरा'चा अर्थ एवढाच, की ऐकू आले.

मी हायवेच्या तिठ्यावरून मॅडमना घेऊन परतलो आणि बघतो तर काय! खळे हिरवेगार, ओले, चकचकीत! आणि चेंडूचा टप्पा पडायचा तिथे, बरोबर गुड लेंग्थवर, भलेमोठे रांगोळीचे कमळ! हळदकुंकवासकट!

"वयनी, ह्या काय केलंस?" मी दातांतल्या दातांत विचारले.

"मगे? एवढी मोठी पावणी येतली आणि खळा उघडा ठेवू? लोक माका हसतले भावजीनू, तुमका नाय!"

"मी सकाळपासना गप रवलंय," दादा हळूच म्हणाला. "तूय रव."

मॅडम मात्र खूश. "वा! टार्गेटसुद्धा आखून ठेवलंय. दुर्वा, सगळे चेंडू त्या कमळावर टाक." त्या बूट काढून स्टंपांशेजारी अनवाणी उभ्या राहिल्या. (सारवल्या खळ्यात वहाण? वहिनीने मॅडमनासुद्धा सोडले नव्हते.)

दुर्वाने एकदा आईकडे पाहिले आणि सुरुवात केली. पहिला चेंडू पुढे पडला. दुसरा आखूड. मग एक डावीकडे, एक उजवीकडे. कमळाला काही लागेना.

"बोट दुखतंय का?"

"नाय मॅडम."

"मग लेंग्थ कुठे गेली?"

दुर्वा पुन्हा मागे जाऊन धावत आली. आणखी चेंडू, तीच गत. मॅडमनी घड्याळ पाहिले. दादा तुळशीकडे तोंड करून उभा राहिला. वहिनी पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. पोरीची जागा हातची चालली, हे आम्हा सगळ्यांना कळले होते.

अशा वेळी शिकलेल्या माणसाने पुढे व्हायचे असते.

"मॅडम, समोर बॅटर नसला की गोलंदाज फुलत नाही," असे शुद्ध मराठीत सांगून मी बॅट घेतली. माझा डाव सोपा होता. प्रत्येक चेंडूला चुकायचे, म्हणजे पोरगी भारी दिसेल. (अभिनयाची गरज नव्हती.) अनवाणी उभे राहणे पाहुणीसमोर बरे दिसेना, म्हणून पायात मी नवे नायलॉनचे मोजे ठेवले.

चेंडू आला. मी ऐटीत पुढे सरसावलो. मोजे माझ्याही पुढे सरसावले! आणि मी त्या कमळावर बसलो. लक्ष्मी बसते तसा नव्हे. म्हैस बसते तसा. मग आडवा होऊन घसरत गेलो.

"काका!" दुर्वा किंचाळली. मला वाटले, माझ्या हाडांची काळजी! "सगळी पुसलंस मा! मी कवाधरना चुकवन चुकवन टाकतंय!"

"काय चुकवून?" मॅडमनी विचारले.

दुर्वाच्या डोळ्यांत पाणी. "रांगोळी. आयेन सकाळधरना बसान घातल्यान. तिच्यार बॉल कसो मारू?"

"अगं, पण मीच सांगितलं होतं ना?"

"तुमी सांगितलास. पण घातल्यान आयेन."

मॅडमनी वाकून खळे पाहिले. ओल्या शेणात चेंडूंचे ठसे उमटले होते. मी जेवढे पुसले नव्हते तेवढ्या कमळाच्या काठाकाठाने, अगदी पाकळ्यांना बिलगून, ठशांची महिरप होती. आणि एकही पाकळी मोडलेली नव्हती!

"एवढं चुकवायला हात किती नेमका लागतो, माहितीये का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. वहिनीला त्यातले काय कळले देव जाणे. तिने पदर डोळ्यांना लावला.

"आता काकांवर टाक," मॅडम म्हणाल्या.

"उठू ना मी?" मी खालून विचारले.

मी उठलो. खाली माझी आकृती जशीच्या तशी उमटली होती.

"पोटार टाकू?" दुर्वा डोळे पुसत म्हणाली.

"पोटावर कुणीही टाकेल. कानावर टाक."

तिने कानावर टाकला. मग कोपरावर, मग नाकावर! शेणाने बुळबुळीत झालेला चेंडू, पण बोटातून सुटताना गरगरत होता.

"बॅग भर," मॅडम म्हणाल्या, आणि दादा तुळशीकडेच तोंड करून ढसाढसा रडला.

आता दुर्वा शिबिराला निघायची असली, की वहिनी आदल्या दिवशी खळे ताजे सारवते, मधोमध कमळ काढते आणि शकुनाची वस्तू मागावी तशा भक्तिभावाने मला विचारते, "भावजीनू, पडतल्यात मा?"

आणि मी मोजे घालून येतो.