बंडूकाकांचा शाही वस्तारा

बंडूकाकांच्या सलूनमधले किस्से म्हणजे तिथल्या केसांसारखे, यार. कितीपण झाडा, कोपऱ्यात उरतातच!

काकांचे पणजोबा इकडे मध्य प्रदेशात, धारच्या राजवाड्यात राजाची दाढी करायला जायचे. त्यांचा वस्तारा काकांकडे आला. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मराठी नवरदेवाची दाढी त्यानेच व्हायची! काका आधी स्वतःच्या गालावर फिरवून धार बघायचे, मग अत्तराच्या फायाने पुसून नवरदेवाला लावायचे. "शाही माल आहे, भिया!" भिया म्हणजे आमच्याकडचा भाऊ.

*

एकदा नर्सदीदी सलूनमध्ये आली. "काका, हिपॅटायटिस बीचा व्हायरस रक्तातून पसरतो. वर्षानुवर्षं गप्प बसतो, मग लिव्हरचा कॅन्सर करू शकतो. टेस्ट करा, लसीचा टीका लावा. आणि हा वस्तारा बंद!"

काका म्हणाले, "दीदी, कॅन्सर गुटख्याने होतो. मी तर सुपारीपण नाही खात!"

अख्खं सलून हसलं. मीपण.

*

दीदी पोस्टर चिकटवून गेली. मी त्यातल्या लिव्हरला काकांसारख्या मिश्या काढल्या! मग काय, जो येई तो म्हणे, "काका, तुमचा फोटो छापला की!"

खाली काय लिहिलंय, ते कोणीच नाही वाचलं.

*

मग काका सुकायला लागले. डोळे पिवळे. इंदूरच्या डॉक्टरने सांगितलं, लिव्हरचा कॅन्सर. तोच व्हायरस, रक्तात कधीचा बसलेला.

लोकांनी काकांकडे चहा पिणं बंद केलं! मी त्यांच्याच कपातला उरलेला चहा प्यायलो.

बाबा ओरडले, "मरायचंय का?"

"रक्तातून जातो बाबा, चहातून नाही!" पोस्टर पाठ झालं होतं मला. कधी? तर आता.

*

मग माझ्या दादाचं लग्न. काका आले. हडकुळे, पण इस्त्रीचा शर्ट!

बाबा म्हणाले, "बंडू, वस्तारा कुठाय?"

"रिटायर केला, अण्णा." काकांनी नवं ब्लेड काढलं. एक गाल झाला आणि त्यांच्याच अंगठ्याला कापलं. झटकन मागे सरले. "बस. आता मी हात नाही लावणार."

बाहेर बँड, घोडी तयार, आणि नवरदेव अर्ध्या दाढीचा! सगळे हसून लोटपोट.

बस स्टँडवरचा दुसरा सलूनवाला धावत आला. काका अंगठ्याला टॉवेल गुंडाळून दारातूनच ओरडले, "आधी नवं पाकीट फोडून दाखव!"

बाबा गालावर हात ठेवून हसत म्हणाले, "काय घाबरतोस रे! माझ्या लग्नात तुझ्या शाही वस्ताऱ्याने मला इथंच कापलं होतं. झालं काही?"

काका नाही हसले. "अण्णा, टेस्ट केली तुम्ही?"

बाबांचा हात गालावरच राहिला.