शेकोटीकडे पाठ

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये सप्तपदीच्या प्रत्येक फोटोत एक लाल बादली आहे. बादलीत वाळू आहे आणि बादलीमागे कदम साहेब उभे आहेत. आम्ही नवरा-नवरी होमाभोवती फिरतोय, भटजी मंत्र म्हणताहेत आणि साहेब मांडवाच्या झालरीकडे बघताहेत. त्याआधी भटजींना थांबवून त्यांनी होमकुंड झालरीपासून लांब सरकवून घेतलं होतं. सासऱ्यांनी मला हळूच विचारलं, "हे तुमच्यातले कोण?" मी म्हणालो, "आमच्या कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर." सासऱ्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

तळेगावच्या कारखान्यात मी स्टोअरमध्ये होतो आणि आग लागू नये हे खातं साहेबांकडे होतं. कुणाच्याही घरी गेले की चपला काढण्याआधी ते विचारायचे, "आधी बाहेर पडायचं कुठून ते दाखवा, मग आत येतो." काही जणांना तो अपमान वाटे. साहेबांना त्यात वाटण्यासारखं काही दिसत नसे. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी त्यांच्याविषयी भरभरून सांगितलं. साहेब उत्तराला उठले, पडद्याजवळची समई विझवली आणि म्हणाले, "माझ्या अख्ख्या नोकरीत इथे काही घडलं नाही. तेच माझं काम होतं." एवढं बोलून ते बसले. समई पुन्हा लावायचं धाडस कुणी केलं नाही.

अशा माणसाला उतारवयात स्वतःच्या परसात आगीची जागा शोधायची वेळ आली. ती आणली त्यांच्या बायकोने, शालनवहिनींनी. वहिनींनी नवऱ्याचा स्वभाव केव्हाच मान्य करून टाकला होता. "मी निरांजन ओवाळते तवा हे माझ्या मागं उभे राहतात," त्या सांगत. "देवाला वाटत असंल, काय जोडप्यानं आरती चाललीय!"

वहिनी मूळच्या कुरवंड्याच्या. तळेगावात बोलताना त्या बऱ्याचशा आमच्यासारखं बोलायच्या, पण लोणावळा मागे पडलं की त्यांची भाषा माहेरी पोचलेली असायची. वडील वारल्यावर रीतीप्रमाणे त्यांनी हक्कसोडपत्रावर सही करायची, धाकट्या भावाने, किसनने, त्यांना साडी नेसवायची आणि माहेर शाबूत राहायचं, असं सगळे धरून चालले होते. वहिनींनी साडी घेतली नाही आणि सहीही केली नाही. त्यांना जमीन विकायची नव्हती, तिथे राहायचं होतं. "पाव्हनी म्हनून किती दिस येऊ?" एवढंच त्या म्हणाल्या. किसन भांडला नाही. गोठ्याला लागून असलेला तुकडा त्याने मोजणी करून दिला आणि त्या दिवसापासून बहिणीशी बोलणं टाकलं. भाऊबीज बंद झाली. साहेब निवृत्त झाल्यावर त्या तुकड्यावर दोन खोल्यांचं घर झालं, पण वास्तुशांतीलाही तो आला नाही. त्याची गोठ्याकडे जायची पायवाट वहिनींच्या परसाच्या बांधाला चिकटूनच होती. तिथून तो सकाळ-संध्याकाळ जायचा आणि मान वळवून नागफणीच्या सुळक्याकडे बघत जायचा. जन्मापासून पाहिलेल्या त्या सुळक्यात त्याला रोज नवीन काय सापडत होतं, कोण जाणे.

पहिल्याच थंडीत वहिनींनी बांधाकडे बोट दाखवलं. "हितं शेकोटीची जागा करा. वाटंच्या कडंला." कारण त्यांनी लपवलं नाही. "घरात यायचं तर त्याला आवतन लागंल, आन दिलं तरी तो यायचा न्हाई. पन शेकोटीला आवतन लागत न्हाई. जाताजाता मानूस टेकतो. त्यात कुनाचा मान जात न्हाई."

हे अगदी खरं आहे. त्या बाजूला कुणाचीही शेकोटी दिसली की माणूस न विचारता उकिडवा बसतो, हात शेकतो आणि उठून जातो. तो कुणाच्या घरी गेला असं कुणी धरत नाही.

साहेबांनी बांधापलीकडे पाहिलं. तिथे किसनच्या जनावरांची वर्षाची वैरण, गवताची भलीमोठी गंजी रचलेली होती.

"शालन, एक ठिणगी तिकडे गेली, तर भाऊ कायमचा गेला."

"आन न्हाई पेटवली, तर तो हाय कुटं?"

तेव्हा साहेबांनी दुसरी जागा शोधायला घेतली. भाऊही यावा आणि गंजीही राहावी, अशी एखादी जागा त्या परसात असणारच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. या कामाला साक्षीदार हवा म्हणून मला दर शनिवारी कुरवंड्याला बोलावणं येऊ लागलं. वहिनींच्या जुन्या साडीच्या चिंध्या काठ्यांना बांधून त्यांनी परसभर रोवल्या होत्या. कोकणातून घाट चढून आलेला वारा कुरवंड्यात कुठल्या बाजूला वळेल याचा काही भरवसा नसतो. चिंध्या चारी दिशांना फडफडायच्या आणि साहेब त्यांच्यामध्ये हात मागे बांधून उभे राहायचे. गावातल्या लोकांना वाटलं, भुताखेताचं काही असावं. दोन-तीन जण लांबून हात जोडूनही गेले.

आंब्याखाली मोहोर जळेल म्हणून ती जागा बाद झाली. न्हाणीमागे सरपण होतं. विहिरीजवळची जागा साहेबांना मनापासून आवडली, कारण पाणी हाताशी होतं. वहिनी म्हणाल्या, "शेकायला बसलेला मानूस डुलकी लागून हिरीत पडला, म्हंजे?" साहेबांनी गंभीरपणे विचार केला आणि तीही जागा सोडली. पलीकडे मुंबईच्या कुणाचा तरी बंगला होता. तिथे शनिवार-रविवारी पाहुणे यायचे आणि गॅसवरची शेकोटी लावायचे. साहेब कुंपणाशी जाऊन ती बघून आले. "याला बटण आहे, माने," ते मला म्हणाले. इतक्या आदराने बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलं असेल.

शेवटी घराच्या पुढे, अंगणाच्या बरोबर मध्यावर, विटांचं कडं करून जागा ठरली. त्याभोवती साहेबांनी चुन्याची रेघ आखली. खुर्च्या रेघेबाहेर. पेटवण्याच्या दिवशी आम्ही तिघं आणि गावातली दोन म्हातारी माणसं रेघेबाहेर बसलो. शेकोटी दिसत होती, लागत नव्हती. एक म्हातारा थोडा पुढे सरकला तेव्हा साहेबांनी त्याला अदबीने मागे घेतलं. थोड्या वेळाने दोघंही थंडी वाजते म्हणून घरी गेले. मागच्या वाटेने किसन नागफणीकडे बघत गोठ्यात गेला आणि तसाच परत आला. अंगणात काय चाललंय हे त्याला तिथून दिसणंही शक्य नव्हतं.

वहिनींनी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र त्या शाल गुंडाळून बांधावरच्या एका दगडावर जाऊन बसल्या. शेकोटी नाही, काही नाही. किसन आला. बहीण वाटेच्या कडेला हातभर अंतरावर बसली होती. तो मान वळवून गेला. परत येतानाही तसाच गेला. वहिनी बसूनच राहिल्या. मी आणि साहेब न्हाणीपाशी उभे होतो. साहेबांच्या हातातला चहा निवला. मला फार वाईट वाटलं आणि साहेबांना किती वाटलं ते त्यांच्या तोंडावर वाचता येत नव्हतं. ते इतकंच म्हणाले, "माने, उद्या कुदळ लागेल."

त्यांनी बांधाजवळच जागा खणली, वाटेच्या कडेला. खड्डा चांगला गुडघाभर खोल घेतला. गंजीच्या बाजूला दगडांची आडभिंत रचली, त्यावर ओली पोती टाकली आणि वाळूच्या लाल बादल्या ओळीने मांडल्या. कडेनं बसलेल्या माणसाला आता ऊब लागत होती, कारण रेघ आखायला जागाच उरली नव्हती. सगळं झाल्यावर साहेबांनी खुर्ची घेतली, शेकोटीकडे पाठ केली आणि गंजीवर नजर लावून बसले. काळोख पडून निखारे विझेपर्यंत ते तसेच बसले. त्यांची पाठ तेवढी शेकली.

असं रोज चाललं. किसन जायचा-यायचा. पण आता त्याची मान नागफणीकडे पूर्ण वळत नव्हती. मध्येच ती साहेबांकडे, साहेबांवरून गंजीकडे आणि पुन्हा साहेबांकडे यायची. एका शनिवारी तो थांबला. इतक्या वर्षांनी बोलला, तो भांडायलाच.

"रोज काय बघताय माज्या गंजीकडं?"

"लक्ष ठेवतोय," साहेब म्हणाले.

"कशापायी? परत मोजनी आनायची हाय का? गंजीखालची जागा बी तिची निगाली का काय?"

किसनचा अंदाज चुकला होता, पण त्याला वेडा म्हणता येणार नाही. आता मावळात पँट घातलेला माणूस एखाद्या जमिनीकडे फार वेळ बघत बसला, की एक तर विकत घ्यायचं चाललेलं असतं नाही तर मोजणीचं.

"ठिणगी उडाली तर दिसावी म्हणून बसलोय."

"आग तुमच्या मागं, आन तुमी बघताय म्होरं?"

"आग कुठे आहे ते मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "ती कुठे जाईल ते बघायचं असतं."

किसनने गंजीकडे पाहिलं, ओल्या पोत्यांकडे पाहिलं, बादल्यांकडे पाहिलं. आपल्या गवतापायी हा माणूस रोज थंडीत उलटा बसतो, हे त्याच्या हळूहळू ध्यानात येत असावं. पण ते कबूल कसं करणार? त्याने वाऱ्यावर हरकत घेतली.

"या वक्ताला वारं खालनं येतंय. ठिनगी गेलीच तर आंब्याकडं जाईल."

"चिंध्या तसं म्हणत नाहीत."

"चिंद्यांना काय कळतंय? मी हितं जन्मलो."

वारा दाखवता दाखवता तो बांध ओलांडून अलीकडे आला. साहेबांना पटेना, तसा तो उकिडवा बसला आणि बसल्यावर सवयीनेच त्याचे तळहात आगीपुढे गेले. वहिनी दारात आल्या, त्यांनी पाहिलं आणि तशाच आत गेल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा अर्धा बशीत सांडलेला होता. किसनने बहिणीकडे न बघता कप घेतला, घोट घेतला आणि आगीला सांगितलं, "साकर कमी हाय."

वहिनींनी साखरेचा डबाच आणून त्याच्यापुढे ठेवला. तो गेल्यावर त्या ओट्याकडे तोंड करून रडल्या. "ल्हानपनापास्नं लय गोड च्या पितो तो," त्या म्हणाल्या. "मीच इसरले."

त्या थंडीत किसन बहुतेक संध्याकाळी टेकू लागला. घरात मात्र आला नाही आणि बहिणीशीही थेट बोलला नाही. "दाजी, तिला सांगा, आंब्याला आळं करा म्हनावं." वहिनी तिथेच बसलेल्या असायच्या. त्याही म्हणायच्या, "त्याला इचारा, गाय कवा याली?" साहेब गंजीवरची नजर न काढता इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे, एकही शब्द न गाळता पोचवायचे. ते तिघं असे बसलेले असताना मला हसू आवरत नसे आणि मी सरपण आणायच्या निमित्ताने उठत असे.

साहेब आता नाहीत. गेल्या पावसाळ्यात थोड्याशा आजाराने तळेगावच्या एका दवाखान्यात गेले. दाखल होताना जिना कुठे आहे हे त्यांनी नर्सबाईंना विचारून घेतलं होतं. मी त्यांच्याबरोबर निम्मी नोकरी काढली, पण मला ते आठवतात ते त्यांच्या शेवटच्या थंडीतल्या एका संध्याकाळचे.

दिवाळी होऊन गेली होती, गवत कापून झालं होतं. साहेब नेहमीप्रमाणे खुर्ची घेऊन आले, पाठ करून बसले आणि दचकून उभे राहिले. समोर गंजी नव्हती. नुसती मोकळी जमीन होती.

"किसन, गंजी?"

"गोठ्याच्या पल्याड रचली औंदा." किसन आगीत काडीने उगाच काहीतरी ढोसत होता. "म्हनलं, किती दिस पाठच शेकायची मानसानं. फिरा आता हिकडं, दाजी."

साहेबांनी खुर्ची फिरवली. शेकोटीकडे तोंड करून कसं बसायचं हे त्यांना येत नव्हतं. हात कुठे ठेवायचे ते कळेना. धुराने असेल, डोळ्यांत पाणी आलं होतं. वहिनी भावाकडे बघत होत्या. या वेळी त्यांनी निरोप दिला नाही.

"किसना, जेवून जा."

किसनने हातातली काडी आगीत टाकली. मग तो उठला, दारात चपला काढल्या आणि आत गेला. मागोमाग वहिनी गेल्या. मी साहेबांना म्हणालो, "चला ना, आपणही जाऊ."

"पेटती सोडून जाता येत नाही. तुम्ही जा."

मी गेलो नाही. आतून ताटवाट्यांचा आवाज आला. मग बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते, पण दोघांपैकी कुणी थांबत नव्हतं. एकदा वहिनी मोठ्याने हसल्या. साहेब मान तिरकी करून ऐकत होते.

शेकोटी विझत आली. त्यांच्या नियमाप्रमाणे आता पाणी ओतायचं, राख ढवळायची, वर हात धरून बघायचं आणि आत जायचं. पाण्याची कळशी शेजारीच होती. त्यांनी कळशीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"विझवली तर आपल्याला आत जावं लागेल," ते हळूच म्हणाले. "आणि आपण गेलो की तो उठेल."

मग ते सरपणाच्या ढिगाकडे गेले, वरची दोन-तीन लाकडं बाजूला करून चांगलं जाड लाकूड निवडलं आणि स्वतःच्या हाताने आगीत घातलं.